कोंड्याच्या गळ्यातलं लोढणं

मी लोढणं. ओळखलं नाही ना? मला वाटलंच होतं. हातभर लांबीचा लाकडाचा ओंडका, मनगटाहून थोडा बारीक. वरच्या टोकाला भोक, भोकातून ओवलेली दोरी आणि ती दोरी कुणाच्या तरी गळ्यात. जनावर सरळ चाललं तर मी नुसता डुलत राहतो. ते पळायला लागलं की मी त्याच्या पुढच्या पायांमध्ये येतो आणि गुडघ्यांवर टक्‌टक् बसतो. चार पावलांत त्याची पळायची हौस फिटते. याहून जास्त काही मला येत नाही.

माझा धंदाच संशयाचा आहे. ज्या गुरावर धन्याचा भरवसा, त्याच्या गळ्यात घंटी असते. ज्याच्यावर संशय, त्याच्या गळ्यात मी. आजवर मला पाहून कुणाला आनंद झाला नाही आणि मलाही कुणाला पाहून फारसा होत नाही. आता माझी गोष्ट ऐकाच, पण मी फार गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

आरमोरीहून दोन-अडीच कोसांवर आमचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, त्यांच्यापलीकडे वैनगंगा, दुसऱ्या अंगाला जंगल. माझा आताचा धनी लटारू. त्याचा बाप बापूजी यानं वखराचा दांडा तासला, तेव्हा धावड्याच्या लाकडाचा एक तुकडा उरला. तो तुकडा म्हणजे मी. बापूजीनं मला तासलं, तापलेल्या सळईनं भोक पाडलं आणि कपिली नावाच्या गाईच्या गळ्यात बांधलं. ही कपिली दुसऱ्यांच्या लाखोळीच्या पिकात शिरायची. धरून आणली की अशी भोळ्या डोळ्यांनी बघायची की वाटावं, लाखोळीच हिच्या तोंडात चालत आली. तिच्यानंतर एक गोऱ्हा, मग एक बोकड. सगळे चोर आणि सगळ्यांचे चेहरे भोळे. तेव्हापासून मी चेहऱ्यावर विश्वास ठेवत नाही.

बापूजी गेला. मी गोठ्याच्या खुंटीवर कित्येक वर्षं लटकून राहिलो. तिथून अंगण दिसायचं. लटारूचा स्वभाव थेट माझ्यासारखा. त्याला सगळ्यांवर शक. शेजाऱ्यानं बांध सरकवला असेल, दुकानदाराच्या तराजूला खालून काही चिकटवलेलं असेल, रेडिओवाला पावसाचं मुद्दाम खोटं सांगत असेल. पुढे त्याचा मुलगा आदेश चंद्रपूरला गॅरेजात कामाला लागला आणि पत्रं पाठवू लागला. लटारू प्रत्येक पत्र उजेडात धरून म्हणायचा, "अक्षर त्याचंच आहे. पण सांगून राह्यला कोण?"

त्याची बायको इंदुताई हसून सोडून द्यायची. ती भोळी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पण शक घ्यायच्या आधी ती जाऊन पाहून यायची. लटारूला आणि मला ती सवय नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या माघातली गोष्ट. आदेश तेव्हा अजून घरीच होता. धान भरडायला आरमोरीच्या मिलवर गेला आणि येताना कापडी थैलीत एक पिल्लू घेऊन आला. मिलच्या मागं कोंड्याच्या ढिगात सापडलं होतं. रंगही कोंड्याचाच. म्हणून नाव पडलं कोंड्या. आठच दिवसांत आदेशचं चंद्रपूरला जायचं ठरलं. जाताना तो आईला म्हणाला, "माय, याले सांभाळजो. माह्या जागी आहे समज."

असं बोलून मुलं एसटीत बसतात. मागं राहिलेल्या बाईनं मग काय करायचं? तिनं ते पिल्लू खरंच त्याच्या जागी धरलं.

इंदुताईची शिकवण मी खुंटीवरून रोज बघत होतो. काठी तिनं कधी हातात घेतली नाही. पेजेची वाटी खाली ठेवायची, हाताचा पंजा पुढं करायचा आणि म्हणायचं, "थांब." हातातल्या बांगड्यांचा आवाज पुरता थांबला की मग, "खाय." परक्यानं काही दिलं तर तोंड फिरवायचं, हेही शिकवलं. आणि पिल्लू होतं तेव्हापासून तिनं त्याला आपल्या दोन बकऱ्यांजवळ निजवलं. तिचं म्हणणं, बकरीच्या वासात जो कुत्रा वाढला, त्याला बकरी घरची वाटते. पाच-सहा महिने कोंड्या म्हणजे सोनं होतं. मी मनात म्हटलं, थांबा थोडं.

पोळा जवळ आला आणि कोंड्याला वारं लागलं. पाय लांब झाले, आवाज फुटला आणि कान जड झाले. इंदुताई "थांब" म्हणाली की तो तिच्याकडे असा बघायचा, जसा हा शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकतोय. आज या दारची केरसुणी पळव, उद्या त्या दारची वाळत घातलेली धोतरं. लटारूची डावी चप्पल त्यानं फस्त केली आणि उजवी तशीच ठेवली. लटारू दिवसभर विचारात पडला. "डावीच काऊन खाल्ली? कोणी सांगितलं याले?"

"वयात आला आहे," इंदुताई म्हणाली. "आदेश नाई का चवदाव्या वर्षी कोठ्यावरून उड्या मारत होता. निंगून जाईन हेही."

पण मग ते करडाचं प्रकरण झालं. आमच्या शेजारी देवाजी राहायचा. त्याच्याकडे वीस-पंचवीस बकऱ्या, आणि गावात त्याचा शब्द चालायचा. त्याच्या एका करडाला कोंड्यानं खेळता खेळता कानाला धरलं. करडू ओरडलं, कानातून रक्ताचा एक थेंब आला. कोंड्या स्वतःच घाबरून दूर जाऊन बसला.

देवाजी अंगणात आला. आवाज चढवला नाही, पण बसलाही नाही. "लटारू, तुझा कुत्रा आज कान धरते, उद्या नरडं धरन. लोढणं घाल त्याले."

देवाजीच्या पायाशी त्याचा कुत्रा उभा होता. पांढराशुभ्र, पाच-सहा वर्षांचा, भरलेल्या अंगाचा. त्याचं नाव साहेब, कारण तो कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर जन्मला होता. दिवसभर ओट्यावर पुढचे पाय एकावर एक ठेवून बसायचा. कुणाच्या वाटीत तोंड नाही, कुणावर उगाच भुंकणं नाही. मी एवढ्या जनावरांवर शक घेतला, पण साहेबाला माझी कधी गरज पडेल असं मला वाटलं नाही. असा कुत्रा घरोघर असता तर मी चुलीत गेलो असतो.

लटारूनं मला खुंटीवरून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. दोरी मात्र इंदुताईनं घेतली. गळ्याला काचू नये म्हणून तिनं दोरीवर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. सगळ्या जन्मात मला असं कुणी मऊ केलं नव्हतं. खरं सांगतो, मला ते आवडलं नाही.

पहिले दोन दिवस कोंड्या माझ्याशी भांडला. लोळला, चावला, अंगणभर मला आपटलं. तिसऱ्या दिवशी गप्प बसला. मला वाटलं, जिरली. चौथ्या दिवशी पठ्ठ्यानं मला सरळ तोंडात धरलं आणि सुसाट पळाला. एवढ्या वर्षांत कपिलीला हे सुचलं नव्हतं, बोकडाला तर नाहीच. लटारू मागं धावला. इंदुताई मात्र पोट धरून हसत होती. "पळू द्या हो. तोंडात लाकूड आहे तवर कोणाले चावते तो?"

मला तिचं हसणं पटलं नाही, पण तिचं म्हणणं खोटंही नव्हतं.

मग तिनं माझ्यासकट त्याची शिकवण सुरू केली. तो वाढत होता, तशी दर पंधरवड्याला माझी दोरी सैल करायची, म्हणजे मी गुडघ्यावरच बसेन, छातीवर नाही. सकाळी बकऱ्यांमध्ये नेऊन मला सोडायचं, कोंड्याला दहा पावलं मोकळं चालवायचं, हाक मारायची, पुन्हा बांधायचं. मग वीस पावलं, मग या बांधापासून त्या बांधापर्यंत. हाक मारल्याबरोबर तो आला नाही तर रागावणं नाही, मारणं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा पावलांपासून सुरुवात. तिनं लटारूला बजावून ठेवलं होतं, "मी नसताना सोडू नोका. अजून शिकून राह्यला तो. एक डाव सुटला तर सारं पाण्यात जाईन."

दसरा झाला. धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या आणि रानडुकरांची धाड सुरू झाली. रात्री शेतात जागल करावी लागते, नाहीतर सकाळी बांधी लोळवलेली सापडते. लटारू कांबळं, टॉर्च आणि वाजवायला टिनाचा डबा घेऊन जायचा, सोबत कोंड्या. पहिल्याच रात्री डुकरांच्या मागं धावताना कोंड्या माझ्यामुळं तोंडघशी पडला. दुसऱ्या दिवसापासून लटारूनं काय केलं, ते फक्त मला ठाऊक. दिवस मावळला की बांधावर तो मला सोडायचा आणि गेल्या सालच्या तणसाच्या पेंढ्यांच्या ढिगाखाली खुपसायचा. सकाळी घरी निघायच्या आधी पुन्हा बांधायचा. घरी चकार शब्द नाही.

म्हणजे दिवसा कोंड्या माझ्या पहाऱ्यात आणि रात्री मोकळा. रात्री तो कुठं जायचा, मला दिसत नव्हतं. मला फक्त मचाणावरचं लटारूचं घोरणं ऐकू यायचं. हा माणूस गावभर सांगायचा, मी डोळ्यांत तेल घालून जागतो. पहाटे कोंड्या माझ्याजवळ यायचा तो चारही पाय ओले करून. पाय ओले आणि चेहरा भोळा. मला कपिली आठवायची.

आणि एका सकाळी देवाजीच्या बकऱ्यांच्या कोठ्याबाहेर करडू मेलेलं सापडलं. गळा फाडलेला, अर्धं खाल्लेलं. कोठ्याच्या कुडाखालून माती उकरून कुणीतरी त्याला बाहेर ओढलं होतं. झाडू नावाचा म्हातारा, ज्याला जंगलातलं कळतं, त्यानं वाकून मातीतली पावलं पाहिली. "बिबट नाई. बिबट्याची नखं उमटत नाईत. कुत्रा आहे."

सगळ्यांची नजर आमच्या अंगणाकडे वळली. इंदुताई म्हणाली, "कोंड्या रातभर शेतात होता, यांच्याजवळ. गळ्यात लोढणं होतं." इंदुताई खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत. देवाजीनं मान हलवली, प्रकरण तेवढ्यावर राहिलं. मी कोंड्याच्या गळ्यात लोंबत होतो आणि लटारूची नजर माझ्यावर ठरत नव्हती.

पाचव्या दिवशी दुसरं करडू गेलं. तसंच.

सकाळी देवाजीच्या ओट्यासमोर माणसं जमली. कोंड्याला मध्ये आणलं. इंदुताईनं वाकून माझ्यावर हात ठेवला. "या लोढण्याची शपथ घेऊन सांगते, रात्री हे याच्या गळ्यात असते. हे घेऊन कोणता कुत्रा कूड उकरन आन् करडू ओढन?"

देवाजी लटारूकडे वळला. "तू बोल, लटारू. रात्री लोढणं असते का?"

लटारूनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. मी थोडाच तोंड उघडणार होतो?

"नाई," तो म्हणाला. "मी सोडतो. डुकरं येतात, बांधलेला कुत्रा काय कामाचा?"

"बरं. मंग रातभर तुझ्या नजरेसमोर होता?"

लटारूनं मान खाली घातली. "मले झोप लागते, देवाजीभाऊ."

माणसं हसली. एवढं सगळं असूनही हसली. इंदुताई हसली नाही. तिचा हात अजून माझ्यावरच होता, तो तिनं हळूच काढून घेतला. शपथ तिनं मनापासून घेतली होती आणि घरातल्याच माणसानं ती खोटी पाडली. पदर डोक्यावर घेऊन ती उभी राहिली.

देवाजीनं निकाल दिला. परवा बाजाराचा दिवस. त्या सकाळी कोंड्याला पोत्यात घालायचं, डोंग्यातून वैनगंगेपार न्यायचं आणि ब्रह्मपुरीच्या अंगाला सोडून द्यायचं. आमच्याकडे नको असलेल्या कुत्र्याला असंच धाडतात. पोत्यात वाट दिसत नाही, नदीत वास तुटतो, मग तो परत येत नाही. मारल्याचं पाप लागत नाही असं माणसं म्हणतात. पलीकडच्या गावचे कुत्रे परक्या कुत्र्याचं काय करतात, ते कुणी जाऊन बघत नाही.

मी काय म्हणालो असेन? मी म्हटलं, बरोबर. ओले पाय, भोळा चेहरा. मला आधीच शक होता.

घरी आल्यावर इंदुताईनं लटारूला जेवायला वाढलं. वाढून झाल्यावर म्हणाली, "साऱ्या गावावर शक घेता तुमी. एक डाव स्वतःवर घ्याचा होता." लटारूचा घास हातातच राहिला. तो एवढंच म्हणाला, "मले वाटलं, धान वाचन."

मग तिनं कोंड्यासमोर पेज ठेवली, पंजा पुढं केला. "थांब." तो थांबला. सगळं अंग थरथरत होतं, लाळ गळत होती, पण बांगड्या गप्प होईपर्यंत थांबला. "खाय" म्हटल्यावर मात्र असा तुटून पडला की वाटी फिरत फिरत भिंतीला लागली.

"हे पाहा," ती लटारूला म्हणाली. "रात्री अर्धं करडू खाल्लेला कुत्रा असा खाते का?"

"नाटक असन," लटारू म्हणाला. सवय ती, लवकर जात नाही. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

त्याच दिवशी विहिरीवर देवाजीची बायको भागीरथा भेटली. मी कोंड्याच्या गळ्यात तिथेच होतो, म्हणून ऐकलं. भागीरथा इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "आमच्या साहेबाले काय झालं काय मालूम. चार-पाच दिसांमागंही पेजेले तोंड लावलं नाई, आजही नाई. कावळे खाऊन राह्यले."

इंदुताईनं बादली ओढायची थांबवली. विचारलं एवढंच, "पहिलं करडू गेलं त्या दिवशी?"

भागीरथा आठवू लागली. आठवता आठवता तिचा चेहरा उतरला. "हो, त्याच दिवशी," ती म्हणाली.

मी तर चक्रावलो. साहेब? पाय एकावर एक ठेवून बसणारा साहेब? मग मला वाटलं, आणि हे वाटणं मला मुळीच सुखाचं नव्हतं, की साहेबाच्या गळ्यात कुणी कधी काही बांधलंच नाही. त्याची रात्र कुणीच पाहिली नव्हती. कोंड्याच्या रात्रीवर सगळं गाव टपलं होतं आणि साहेबाला रात्र असते, हेही कुणाच्या ध्यानात नव्हतं.

पण नुसतं बोलून काय होणार? देवाजीसमोर साहेबाचं नाव घेणं म्हणजे देवाजीच्या तोंडावर थुंकण्यासारखं होतं. दिवाळीला चुन्यानं भिंती पोतल्या, तेव्हाची निळीची पुडी इंदुताईकडे उरली होती. तिनं ती मोहाच्या बियांच्या तेलात खलली. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी देवाजी घरी नसताना भागीरथेनं करडं धरली आणि इंदुताईनं प्रत्येकाच्या गळ्याला हातानं चोपडून नीळ लावली. "ज्यानं धरलं त्याचं तोंडच सांगन," ती म्हणाली.

"आन् आमचाच निंघाला तर?" भागीरथेनं विचारलं. तिचे हात निळे झाले होते.

"पाहू," इंदुताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

घरी लटारूनं दोरखंड काढला. त्याचं म्हणणं, आज कोंड्याला घरात बांधून ठेवू. इंदुताईनं दोरखंड त्याच्या हातातून घेतला. "नाई. रोज जसा नेता तसाच न्या. बांधावर लोढणं सोडा. बांधून ठेवला तर गाव म्हणन, आज बांधला म्हणून तोंड साफ, पहिली दोन करडं यानंच खाल्ली."

"आन् त्यानंच धरलं तर?"

"तर पोतं मीच शिवून देईन."

मला गळ्यात घेऊन कोंड्या दारात उभा होता, शेपूट हलवत होता, जागलीला जायची घाई झाली होती त्याला. मला त्या बाईची भीती वाटली. कुणावर एवढा भरवसा टाकायचा असतो का? आपल्याला नाही जमणार.

रोजच्यासारखं लटारूनं मला सोडलं, तणसाखाली ठेवलं. मी घोरणं सुरू व्हायची वाट बघत राहिलो. ते सुरू झालंच नाही.

उजाडता उजाडता तणीस बाजूला झालं. लटारूचे डोळे लाल झाले होते. कोंड्या त्याच्याजवळ उभा होता, चारही पाय ओले. लटारू खाली बसला, त्याचा एक पाय हातात घेतला, पंजावरचं दव पुसलं. "रातभर तूच फिरत होता का गा बांधाबांधानं? रोज असाच फिरते? आन् मी तुह्यावर..."

त्यानं मला उचललं. कोंड्यानं सवयीनं मान पुढं केली. लटारूनं मला त्याच्या गळ्यात बांधलं नाही, स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

गावात पोहोचलो तर देवाजीच्या दारात गर्दी. तिसरं करडू गेलं होतं. देवाजीच्या हातात पोतं होतं. मोकळा कोंड्या दिसल्याबरोबर त्यानं त्याची मानगूट धरली. आदल्या दिवशीच त्याला धाडायला हवं होतं, असं कुणीतरी मागून बोललं.

"रातभर माह्याजवळ होता," लटारू म्हणाला. "मी जागा होतो." पुन्हा माणसं हसली. लटारू तसाच उभा राहिला. लोक आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत म्हणजे काय होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं असावं.

इंदुताई पुढं आली. "हसाचं असन तर मंग हसा. आधी याचं तोंड पाहा." तिनं कोंड्याचा जबडा उघडून दाखवला. गुलाबी जीभ, पांढरे दात, तोंडाला भुकेचा वास. "आता करडाचा गळा पाहा."

करडाचा गळा रक्तानं माखला होता आणि रक्ताच्या कडेला गर्द निळा होता. देवाजीनं बोट लावून पाहिलं. बोट निळं झालं. "हे काय आहे?"

"नीळ आहे," दारातून भागीरथा म्हणाली. "काल मी आन् इंदुताईनं लावली. ज्यानं धरलं, त्याचं तोंड निळं असन."

माणसं जवळपासच्या कुत्र्यांकडे बघू लागली. दोन-चार कुत्रे गर्दीत होते, सगळ्यांची तोंडं जशीच्या तशी. मग नजरा एकेक करून ओट्यावर गेल्या. साहेब तिथं होता, पण पाय एकावर एक नव्हते. पायांत तोंड खुपसून पडला होता.

कुणी नाव घेतलं नाही. देवाजीनंच हाक मारली. "साहेब."

चांगला कुत्रा होता तो. हाक मारल्यावर आला. शेपूट पायांत घालून, पण आला. पांढऱ्या तोंडावर मिशांपर्यंत नीळ होती.

देवाजी पायरीवर बसला. मग तो उठला आणि खाली पडलेलं पोतं त्यानं स्वतःच उचललं. "जो न्याय त्याले, तोच याले," तो म्हणाला. पण पोत्याचं तोंड त्याच्यानं उघडवेना. दारात भागीरथा भिंतीला टेकून उभी होती.

इंदुताईनं लटारूच्या खांद्यावरून मला काढलं आणि देवाजीसमोर धरलं. "गंगेपार नोको, देवाजीभाऊ. हे घाला. दोरी मी बांधून देते."

"बाई, तुमच्या कुत्र्याले मी धाडत होतो."

"माहीत आहे. त्या पोत्याच्या पायी दोन दिवस माह्या गळ्याखाली घास उतरला नाई. भागीरथेले तसं नोको."

देवाजीनं मला घेतलं. साहेबाच्या गळ्यात बांधताना त्याचे अश्रू माझ्यावर पडले. धावड्याचं लाकूड पाणी लवकर पीत नाही, पण ते मी प्यायलो.

त्यानंतर देवाजीनं कोठ्याभोवती खालून दगड रचले. साहेब रात्री साखळीला आणि दिवसा माझ्यासोबत राहू लागला. त्याला माझी सवय नव्हती, वयही झालं होतं. मी गुडघ्यांवर बसलो की तो थांबायचा आणि खाली मान घालून उभा राहायचा. एक दिवस कोंड्या आला. त्यानं मला हुंगलं. मला वाटलं, आता हा मला चावून काढणार, आणि त्याचा तो हक्क होता. त्यानं मला तोंडात धरलं, उचललं आणि साहेबाच्या बाजूनं चालायला लागला. साहेबाचे गुडघे मोकळे झाले. दोघं अंगाला अंग लावून तलावाकडे गेले, मी मध्ये, कोंड्याच्या दातांत. ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त शक घेतला, तो माझं ओझं दुसऱ्यासाठी वाहत होता. मला लाज वाटली. लाकडाला वाटते तेवढी नाही, त्याहून जास्त.

वर्षभरानं देवाजीनं मला सोडून परत आणून दिलं. साहेब पुढं दोन पावसाळे जगला. मी आता पुन्हा लटारूच्या गोठ्यात, त्याच खुंटीवर. दोरी उंदरांनी खाल्ली, इंदुताईची चिंधी तेवढी लोंबते आहे. एका टोकाला वाळवी लागली आहे. पुन्हा कुणाच्या गळ्यात पडेन असं वाटत नाही.

तुम्हाला एकच सांगणं आहे. घरात वाढतं पोर असो की जनावर, शक आला तर येऊ द्या, तो माझ्यासारख्याला चुकला नाही. पण कुणाच्या गळ्यात माझ्यासारखं काही बांधायच्या आधी, बांधणाऱ्यानं एक रात्र तरी स्वतः जागून बघावी. लटारूनं पाहिली. मला बघता आली नाही.

धान पुन्हा निसवलं आहे. आत्ताच लटारू कांबळं घेऊन माझ्यासमोरून गेला. मागून कोंड्या, तोंडाभोवतीचे केस पिकलेले, गळा मोकळा. ओट्यावरून देवाजीनं विचारलं, "काय लटारू, जागलीले?"

"नाई गा," लटारू म्हणाला आणि मागं वळून त्यानं कोंड्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जागलीले हा चालला. मी झोपाले चाललो."